मामाची मांडी

मांडी काय, कुणालाही असते. पण आमच्या तंजावुरात मामाच्या मांडीला सरकारी हुद्द्याइतका मान आहे. बाळाचे कान टोचायचे झाले की बाळ मामाच्या मांडीवरच बसलं पाहिजे. महाराष्ट्रात जावळाला मामा लागतो हे मला पुण्यात नोकरीला आल्यावर कळलं. आम्ही तंजावुरी मराठी लोकांनी पिढ्यानपिढ्या तमिळ शेजार केला आणि कानांचं कामही मामाच्याच गळ्यात घातलं. सोनार समोर बसतो, बाप उगीच इकडून तिकडे करत राहतो आणि मामा नवी वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं पांढरं धोतर, नेसून मधोमध पाटावर बसतो.

यंदा तो पाट माझा होता. माझी थोरली बहीण विनुता तंजावुरातच, राजवाड्यामागच्या गल्लीत सासरी आहे. तिच्या मुलीचे, हरिताचे, कान टोचायचे होते. आमचे आईवडील दोघंही आता नाहीत. भाड्याचं घर होतं, तेही सोडून दिलं. म्हणजे विनुताचं माहेर उरलं ते मी, वरुणराव, आणि माझी एक चाकांची बॅग. हरिता जन्मली तेव्हा मला रजा मिळाली नाही, बारशाला मी तापानं आडवा होतो. दोन्ही वेळा माहेरची जागा रिकामी राहिली. तेव्हा कान टोचायला मी आठवडाभर आधीच जाऊन बसणार हे मी ऑफिसात ठणकावून सांगितलं होतं.

हरिता माझ्याकडे येईल की नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाही नव्हता. रोज संध्याकाळी आमचा व्हिडिओ कॉल होत असे. मी डोळे फिरवायचो, जीभ काढायचो, ती खदाखदा हसायची आणि शेवटी फोन चाटायची. हातच्या कांकणाला आरसा कशाला? लहान मुलांना मी आवडतो, असं माझं ठाम मत होतं.

सकाळी रिक्षातून उतरलो तर विनुता हरिताला कडेवर घेऊन दारातच उभी होती. दहा महिने पुरे होऊन अकरावा लागलेला, खालचे दोन दात आलेले, डोक्याला तेल चोपडलेलं. मी बॅग टाकली आणि तिला सरळ उचललं. हरितानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या दाढीकडं पाहिलं. तिचा खालचा ओठ हळूहळू पुढे आला आणि तिनं असा टाहो फोडला की समोरच्या घरातल्या नागलक्ष्मी मामी (आमच्याकडं थोरल्या बाईला मामीच म्हणतात) गॅस बंद करून दारात आल्या.

विनुताच्या सासूबाई, म्हणजे तिच्या अत्ते, भागीरथी मामी, मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या. शाळा सुटून बरीच वर्षं झाली, पण हेडमिस्ट्रेस सुटलेली नाही. त्यांनी हरिताला माझ्या हातातून घेतलं, क्षणात गप्प केलं आणि मला आधी हातपाय धुवून यायला सांगितलं. मी धुतले, परत आलो, आणि हरिता मामींच्या खांद्याआडून मला बघून पुन्हा रडली.

विनुतानं मला समजावलं. या वयात मुलांना आपलं कोण आणि परकं कोण हे कळायला लागतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे तर शहाणपणाचं लक्षण. मी म्हटलं, पण मी परका नाही ना. त्यावर ती हसली आणि म्हणाली की हरिताचा मामा तळहाताएवढा आहे आणि त्याला हातपाय नाहीत. हा दाराएवढा माणूस कोण, हे त्या बिचारीला काय माहीत.

मला ते पटलं नाही. म्हणून दुपारी मी एक प्रयोग केला. माडीवर जाऊन खाली विनुताला व्हिडिओ कॉल लावला. फोनमध्ये माझं तोंड दिसताच हरिता हसली, हात आपटले, फोन चाटला. मी मनात म्हटलं, सापडलीस. फोन तसाच तोंडापुढे धरून, बोलत बोलत, एकेक पायरी उतरून मी हॉलच्या दारात उभा राहिलो. हरितानं फोनमधल्या मामाकडं पाहिलं, दारातल्या मामाकडं पाहिलं, पुन्हा फोनकडं पाहिलं. मग फोनमधल्या मामाला छातीशी धरून ती दारातल्या मामाला बघून रडायला लागली. माझ्यापासून वाचवायला तिनं मलाच हाका मारल्या, असा तो प्रकार होता, आणि भागीरथी मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग मी जे जे सुचलं ते सगळं केलं. पुण्याहून आणलेला गाणारा हत्ती काढला. हरितानं हत्तीचा खोका घेतला आणि हत्तीकडं पाठ केली. तोंड झाकून ‘बुवा कुक’ केलं, तर मी तोंड झाकलेलं असेतो ती बरी होती, उघडलं की रडत होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसा मी घरभर गुडघ्यांवर रांगत होतो, आणि ती माझ्याहून वेगानं उलट्या दिशेला रांगत होती.

रविवारी साईराम आला. साईराम आमचा मावसभाऊ, पापनाशमला त्याचं बियाणं-खताचं दुकान आहे. दर रविवारी मोटारसायकलवरून तो विनुताकडं जेवायला येतो. त्यानं हरितासाठी लाकडी नडैवंडी आणली होती, तीन चाकांची, धरून ढकलत चालायला शिकायची ती. गाडी नंतर, आधी साईरामचा आवाज ऐकूनच हरितानं दोन्ही हात वर केले आणि त्याच्या अंगावर झेप घेतली. तिथून ती माझ्याकडं बघत बसली, अगदी शांतपणे.

कानामागून आला आणि तिखट झाला. माझा नुसता जळफळाट झाला. साईराम मुळात भला माणूस आहे, हे तर आणखी वाईट. तो मला म्हणाला की हळूहळू येईल रे, काळजी करू नकोस. मला त्याची ती गाडी ढकलत पापनाशमपर्यंत नेऊन ठेवावीशी वाटली.

जेवणं झाल्यावर भागीरथी मामींनी निकाल दिला. मुहूर्त शुक्रवारी सकाळी. सुई लागायच्या आधीच लेकरू भेदरून रडायला लागलं, हिसडे द्यायला लागलं, तर टोचणाऱ्याचा हात चुकेल. तेव्हा शुक्रवारी हरिता ज्याच्या मांडीवर निवांत बसेल तो मामा. वरुणरावांकडे बसली तर आनंदच आहे, नाहीतर साईरामही मामाच लागतो. यात चूक काढायला मला जागा सापडली नाही आणि म्हणून राग जास्तच आला.

तो राग मी विनुतावर काढला. मागच्या अंगणात ती हरिताची दुपटी वाळत घालत होती. मी म्हटलं की साईरामलाच बसवायचं होतं तर मला कशाला बोलावलंस, पाटावर बसायला इथं माणसं रांगेत उभी आहेत. विनुतानं हातातलं दुपटं बादलीत परत टाकलं.

“वरुण, बाळंतपणाला माझ्या उशाशी कोण होतं? अत्ते होत्या. बारशाला माहेरची साडी कोणी दिली? ती पण अत्तेंनीच दिली, कोणाला कळूं नये म्हणून आदल्या दिवशी आणून ठेवली. त्यांनी काही कमी केलं नाही. पण आपल्या घरचं एक माणूस त्या पाटावर बसलेलं मला बघायचं आहे. मला साईराम नक्को. मला तूंच होना.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. मग तिनं नाक पुसलं आणि आवाज बदलला. म्हणाली, तू तिच्याशी खेळतोस. खेळायला तिला गल्लीभर माणसं आहेत. उद्यापासून तिची कामं कर. तिला भरव, तिचं धू, तिची झोप सांभाळ. आणि तिच्याकडं बघू नकोस. तिला तुझ्याकडं बघू दे.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण सोमवारी सकाळी मी कामाला लागलो. विनुता जवळच बसायची, हात माझे चालायचे. डाळभात तूप घालून मऊ करायचा, पण पार पीठ करायचा नाही, कारण आता तिला दाणा चावायला शिकायचंय. इडलीचे बोराएवढे तुकडे करून ताटलीत ठेवायचे आणि आपण गप्प राहायचं. आधी ती मूठ भरून घ्यायची आणि निम्मं केसांत जायचं. मग एकदा तिनं अंगठा आणि तर्जनी जुळवून एक तुकडा चिमटीत धरला, डोळे तिरळे होईपर्यंत त्याच्याकडं पाहिलं आणि बरोबर तोंडात घातला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण बघायचं नाही असा हुकूम होता, म्हणून मी भिंतीकडं बघून हसलो.

चमचा खाली टाकणं हे तिचं मुख्य काम होतं. ती टाकायची, वाकून कुठं गेला ते बघायची, मी उचलून द्यायचो, ती पुन्हा टाकायची. पहिल्या दिवशी मला वाटलं पोर छळतेय. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की ती तपासतेय. गेलेली वस्तू असते का, आणि आणून देणारा माणूस दर वेळी आणून देतो का. मी दर वेळी आणून दिला. इतक्या चिकाटीनं मी ऑफिसातलं कुठलंच काम केलेलं नाही.

तिचे लंगोट मी धुतले. तिला तेल लावून न्हाऊ घालताना विनुताच्या शेजारी बसून मी पाणी ओतलं. झोपेला आली की ती डावा कान चोळते, मग डोळे, मग कारण नसताना चिडते, हे मला कळलं. आणि कान चोळायला लागल्याबरोबर विनुताला हाक मारली तर चिडायची वेळच येत नाही, हेही कळलं. भागीरथी मामी जाता-येता बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्यांच्या शाळेत यालाच शाबासकी म्हणत असावेत.

बुधवारी दुपारी मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून सांबाराचे बारके कांदे सोलत होतो. विनुता ओट्याशी होती. माझी पाठ हरिताकडं होती. मागं तिच्या तळव्यांचा जमिनीवर चापट मारल्यासारखा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मग तो अगदी जवळ आला. माझ्या सदऱ्याला मागून ओढ बसली. एक मूठ, मग तिच्यावर दुसरी मूठ, आणि धापा टाकत, माझा सदरा धरून, ती माझ्या पाठीशी उभी राहिली. तिचा गरम श्वास माझ्या मानेवर येत होता. विनुतानं ओट्याकडून बघितलं आणि डोळ्यांनीच मला बजावलं. मी कांदा सोलत राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं. कांद्यानं बरी सोय केली.

हरिता माझा सदरा धरूनच बाजूला सरकली, धपकन बसली, आणि कांद्याचं एक साल उचलून तोंडात घातलं. तेव्हा मात्र वळावंच लागलं. मी बोट घालून साल काढलं, तिनं दोन दातांनी माझं बोट चांगलं चावलं. मी ओरडलो. ती माझ्याकडं टक लावून बघत राहिली, आणि हसली. फोनमध्ये हसायची तसंच.

गुरुवारी दुपारी ती माझ्या मांडीवर झोपली. कान चोळत, रांगत, स्वतःहून आली होती. भागीरथी मामींनी बघितलं, विनुताला म्हणाल्या की साईरामला सांग, उद्या पाटाची नाही, पंगतीची तयारी ठेवून ये. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण राजालाही एवढं सुख नसेल असं मला वाटत होतं. जिंकलो होतो मी. मी ऐटीत तिच्याकडं पाहिलं.

तिचा कान वर आला होता. पाळी डाळीच्या दाण्याएवढी, अलीकडून पलीकडचं दिसेल इतकी पातळ. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे सगळं मी कशासाठी करत होतो. उद्या सकाळी याच मांडीवर तिचं डोकं मी दोन्ही हातांनी घट्ट धरणार होतो, आणि एक माणूस तिच्या कानात सुई घालणार होता. ती माझ्यावर विसंबली होती आणि तिच्या विसंबण्याचा उपयोग एवढाच होता.

विनुतानं तिला उचलून आत निजवल्यावर मी मामींकडं गेलो आणि सांगितलं की साईरामलाच बसवा. त्याचा तिला लळा आहे, लळा जुना आहे, एका सुईनं तुटणार नाही. माझा कालचा आहे. मला नाही जमायचं.

भागीरथी मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता खरडपट्टी निघणार, पण त्यांचा आवाज मऊ होता.

“वरुणराव, तुम्हाला काय वाटलं, मामाला मिरवायला बसवतात? टोचणारा परका चालतो. धरणारा आपला लागतो. लेंकराला दुखायचंच आहे, आज कान, उद्या गुडघा, पुढं आणि काय काय. तेव्हां ते कोणाच्या मांडीवर असतं, एवढंच आपल्या हातांत.” मग त्यांनी सूप पुन्हा उचललं. “आणि रुसली तर रुसूं द्या. रुसायला पण आपलंच माणूस लागतं.”

शुक्रवारी मी नवी वेष्टी नेसून पाटावर बसलो. समोर आसारी, म्हणजे आमच्याकडचा सोनार, तांबड्या कापडावर सुई आणि मी आणलेल्या सोन्याच्या बाळ्या मांडून बसला होता. हरिता माझ्या मांडीवर निवांत होती. बाळ्यांकडं बोट करून ‘दा, दा’ म्हणत होती. आसारीनं दोन्ही पाळ्यांवर कुंकवाचे ठिपके लावले. हरिताचा बाप उगीच इकडून तिकडे करत होता. विनुता समोर उभी होती आणि तिची नजर हरितावर नव्हती, माझ्यावर होती. मग मी हरिताचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं.

पहिल्या कानाला ती ओरडलीच नाही, नुसता श्वास अडकला. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ती नजर मला सोसवली नाही, पण मी डोळे मिटले नाहीत. दुसऱ्या कानाला जो टाहो फोडला तो मात्र गल्लीनं ऐकला. मी तिच्या कानाशी काहीबाही पुटपुटत राहिलो, आसारीनं बाळ्या अडकवल्या, साईरामनं तिच्या तोंडात केळ्याचा तुकडा घातला, तो तिनं थुंकला. विनुतानं हात पुढे करताच ती माझ्यापासून अंग तोडून आईकडं गेली. वेष्टीवर तिच्या अश्रूंचा आणि केळ्याचा डाग राहिला.

मग पंगत बसली. मी बोळी, म्हणजे आमची पुरणपोळी, खाल्ली, कशी झाली होती ते आठवत नाही. हरिता आईच्या खांद्यावर हुंदके देत होती आणि मी दिसलो की तोंड फिरवत होती. सगळे म्हणाले की वरुणरावांनी काय छान धरलं, हात हलला नाही. साईराम माझी पाठ थोपटत होता आणि या वेळी मला त्याचा राग आला नाही.

पाहुणे ओसरीवर गप्पांना बसल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. नवी वेष्टी तशीच, जमिनीवर माझ्या नेहमीच्या जागी बसलो, दाराकडं पाठ करून. निवडायला भाजी नव्हती, सोलायला कांदा नव्हता. हरिताच्या ताटलीतला उरलेला डाळभात मी उगाच चमच्यानं मऊ करत राहिलो. रुसली आहे, आणि रुसायला आपलंच माणूस लागतं, हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. बराच वेळ गेला.

मागं तळव्यांचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. सदऱ्याला ओढ बसली, एक मूठ, मग दुसरी. ती माझ्या पाठीशी उभी राहिली, नाक अजून सूं-सूं करत होतं. तिचा एक हात माझ्या खांद्यावरून वर चढला आणि माझा कान तिच्या हाती लागला. पाळीवर माझंही एक जुनं भोक आहे, मामाच्या मांडीवर पाडलेलं. ती पाळी तिनं चिमटीत धरली आणि जीव खाऊन ओढली. चांगलंच दुखलं. मी हललो नाही.

दारात विनुता उभी होती. हलक्या आवाजात म्हणाली, “घे तिला आतां.”

मी मान हलवून नाही म्हटलं. हरितानं माझा कान सोडला, माझ्या दंडाला धरून ती एकेक पाऊल आडवी सरकत पुढे आली, वेष्टीवरचा केळ्याचा डाग बघितला, आणि त्याच्यावरच बसली. मग चमच्याकडं बघून तोंड उघडलं. मुहूर्त कुणी काढला नव्हता, मधोमध पाट नव्हता. मी तिला घास भरवला.